मिली कोणाला कळतं?

सभागृहात बाबांना उभं केलं तेव्हा त्यांच्या हातात मी लिहिलेला कागद होता.

अकोल्यातल्या एका संस्थेत मी कंत्राटावर काम करते. शास्त्रज्ञांचा इंग्रजी मजकूर शेतकऱ्यांसाठी मराठीत आणायचा, त्याच्या घडीपत्रिका छापायच्या. त्या दिवशी वांग्यावरच्या अळीच्या पत्रिकेचा कार्यक्रम होता. पुण्याहून पाहुणे आले होते. आमचे विभागप्रमुख, सर, माइकवर म्हणाले, "हे आमच्या मॅडमचे वडील. अचलपूरकडे भाजीपाला करतात. यांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं."

लोक हसले. बाबाही हसले.

"वाचा काका. मोठ्याने."

बाबांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून वाचू लागले. 'फवारणीच्या एका पंपाला दोन झाकणं औषध घ्यावे' इथे आले आणि थांबले.

"साहेब, कोन्त्या बाटलीचं झाकन? हरेक कंपनीचं अलग रायते. एकाचं बोटाएवढं, एकाचं वाटीएवढं."

"कोणतंही घ्या हो काका. इतकं डोकं लावू नका."

पुन्हा हशा. सर पाहुण्यांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "म्हणूनच आम्हाला डंब इट डाऊन करावं लागतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरच्या फाइलकडे पाहत राहिले.

जेवताना त्यांनी विचारलं, "साहेब इंग्रजीत काय म्हनले व?"

"सोपं करून सांगा लागते, असं म्हनले."

"बराबर हाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

ते शब्द मी महिनाभर आधीच शिकले होते. मला शाळेपासून सवय आहे. नवा इंग्रजी शब्द ऐकला की वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा आणि रात्री कोशात पाहायचा. अमरावतीला एम.ए. करतानाही ती वही होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात औषधाचं प्रमाण मिलीमध्ये होतं. किती लिटरच्या पंपाला किती मिली, तेही होतं. मापाच्या भांड्याचं छोटं चित्रही मी काढलं होतं. सरांनी तांबड्या पेनाने चित्रावर फुली मारली.

"मिली कोणाला कळतं? झाकण लिहा. डंब इट डाऊन."

मला वाटलं, हा लिहिण्याच्या कामातला शब्द असेल. मुद्रितशोधन असतं तसा. मी वहीत लिहून घेतला. कोशात अर्थ सापडला: कमी अकलेच्या माणसालाही कळेल इतकं खाली आणणे. मी तो अर्थ नीट अक्षरात उतरवला. वही मिटली. सकाळी जाऊन मिलीच्या जागी झाकण लिहिलं.

इतकंच केलं मी. कोणी हात धरला नव्हता. सर जाताना म्हणाले होते, "तुम्ही त्यांच्यातल्याच ना, तुम्हाला बरोबर जमतं." मला ते कौतुक वाटलं होतं. हे लिहायला मला फार वेळ लागला.

कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांनी मायचा फोन आला. बाबांना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं होतं. सकाळी वांग्यावर फवारायला गेले आणि बांधावर बसूनच राहिले. तोंडाला लाळ. कपडे घामाने भिजलेले. उलट्या. नवी बाटली होती, तिचं झाकण मोठं. डॉक्टर म्हणाले, औषध बरंच जास्त पडलं आणि वारा अंगावर होता. बाटली सोबत आणली म्हणून बरं झालं.

मी अकोल्याहून पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. हाताला सलाईन. मी विचारलं, "बाबा, तुमाले तं मालूम होतं ना, झाकन अलग अलग रायते म्हनून. मंग काहून टाकले दोन?"

ते छताकडे पाहत म्हणाले,

"तुह्या कागदात लिवलं होतं. म्हटलं, पोरगी शिकेल हाय. पाहूनच लिवलं असन."

माय म्हणाली, "बोलू नका आता."

मी त्यांना सांगितलं नाही. आधी मिली लिहिलं होतं, चित्रही काढलं होतं, हे सांगितलं नाही. सरांनी काय म्हटलं त्याचा खरा अर्थ काय, तेही नाही. ते बरे होऊन घरी आले तेव्हा नाही, मी पोळ्याला घरी गेले तेव्हाही नाही. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. एकदा मी गेले तर ते पंपाजवळ उकिडवे बसले होते. हातात नातवाच्या तापाच्या औषधावरचं मापाचं भांडं. प्लास्टिकचं, बाजूला रेघा असलेलं. त्याला त्यांनी लाल दोरा बांधला होता, घरात लेकराच्या औषधाला पुन्हा वापरलं जाऊ नये म्हणून. रेघ डोळ्यासमोर धरून त्यांनी औषध मोजलं.

मिली कोणाला कळतं? आमच्या गावात ज्या घरात लेकरू आहे, त्या घरातल्या प्रत्येक बाईला मिली कळतं. तापात रडणाऱ्या पोराला मांडीवर धरून ती रेघेपर्यंतच औषध ओतते. थेंबही जास्त नाही. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. आणि तरी सरांसमोर माझ्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं.

बाबा हिवाळ्यात गेले. हृदयविकाराने. त्या फवारणीशी याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

तेरवीच्या दिवशी मंडप काढून झाल्यावर शेजारच्या मळ्याचे सुधाकरकाका माझ्याजवळ येऊन बसले. खिशातून एक कागद काढला. घडीवर विरलेला. वांग्याची पत्रिका.

"तुह्या बाबानं हे सुधरवून देल्लं होतं," ते म्हणाले.

'दोन झाकणं' यावर शिसपेन्सिलीची आडवी रेघ होती. वर बाबांच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: झाकन नाही. मिली. रेघा वाले भांडे घ्यावे. पुढे बाटलीवर छापलेलं प्रमाण. समासात भांड्याचं चित्र. वाकडं, पण रेघा बरोबर मोजून काढलेल्या.

"घरोघर फिरला तो. ज्याच्या ज्याच्यापाशी कागद होता, त्याच्यापाशी गेला. चवदा घरं केले. मी म्हटलं, काहून रे इतका फिरून राहिला? तं म्हने, छापखान्यात चूक झाली. पोरीनं बराबर लिवलं होतं."

मी कागद हातात धरून बसले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. माय आतून म्हणाली, "काकाले च्या दे व." मी उठले आणि चहा ठेवला.

त्यांना माहीत नव्हतं की मी बरोबर लिहिलं होतं. त्यांनी ते माझ्यासाठी रचलं होतं. ते रचलेलं अर्धं खरं निघालं, हे मी त्यांना आता सांगू शकत नाही. उरलेलं अर्धं खोटं, ते माझं आहे. चूक छापखान्यात झाली नव्हती. ती माझ्या टेबलावर, माझ्या पेनाने झाली होती.

मागच्या सोमवारी पत्रिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर आला. मी मिली लिहिलं. भांडं काढलं, बाबांनी काढलं होतं तसं. एक ओळ जास्तीची घातली: प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. सरांनी तांबडं पेन उघडलं.

"मॅडम, पुन्हा तेच? झाकण करा."

"नाही करणार, सर."

त्यांनी मान वर केली. खोलीत आणखी तिघं होते.

"तुमच्या वडिलांचं कळलं. वाईट झालं. पण काम वेगळं. त्या लोकांना नाही समजत हो."

"समजतं. माझ्या वडिलांनी भर सभेत तुम्हाला विचारलं होतं, कोणत्या बाटलीचं झाकण. त्याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, आणि मी गप्प बसले."

"कंत्राट मार्चपर्यंत आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसले. काहीच वाटत नव्हतं, जसं गेले दोन महिने वाटत नाही.

ते काय छापतील ते मला माहीत नाही. झाकण छापलं तर गठ्ठे नेहमीप्रमाणे गोदामात येतील. गोदामाची किल्ली मार्चपर्यंत माझ्याकडे आहे. मी एकेक प्रत उघडीन, ती ओळ खोडीन आणि वर मिली लिहीन. पेन्सिलीने नाही, पेनाने. मार्चनंतर गावोगाव जाऊन खोडीन. बाबांनी चौदा घरं केली आहेत. पंधराव्यापासून पुढची माझी.