लाल अहवाल

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल रंगाने भरलेला अहवाल उघडला, की आजही माझा उजवा तळहात चुरचुरतो. नांदेडच्या आमच्या कॉलेजात नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर तेव्हा नवं आलं होतं, आणि एम.ए. इंग्रजीच्या एका पोराचा निबंध त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लाल निघाला. पोरगा भोकरचा, रोज एसटीने येणारा. "चोर आहेस तू!" म्हणत मी भर वर्गात त्याच्या कानाखाली वाजवली. तो सावरायच्या आत दुसरी ठेवून दिली, तसा तो बाकावर आदळला आणि त्याचा ओठ फुटला. कॉलर धरून मी त्याला पुन्हा उभा केला. रक्त बाहीला पुसत त्याने पिशवीतून वही काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली. "सर, म्या चोरलं न्हाई. तुम्हीच लिहून दिलं व्हतं, हेच पाठ करा म्हणलात." वहीत माझ्याच नोट्स होत्या. वीस वर्षं मी त्या दर वर्गाला उतरवून देत आलो होतो. मी त्या माझ्या सरांकडून उतरवल्या होत्या, आणि सरांनी कुठल्या जुन्या गाइडमधून, ते सॉफ्टवेअरने अहवालाखाली नावासकट दिलं होतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं. वहीच्या पानावर त्याच्या ओठातला एक थेंब पडला. मी म्हणालो, "बस खाली." माफी मागितली नाही. आता दरवर्षी सगळ्या वर्गाचे निबंध मीच त्या सॉफ्टवेअरमध्ये घालतो. माझा पीएचडीचा प्रबंध अजून एकदाही घातलेला नाही.