एकाही माणसाला भाऊ नसलेलं गाव

सरकारी निविदा भरायची हुक्की ज्याला येते, त्याला घरच्यांनी आठवडाभर खोलीत कोंडून ठेवावं. मला कोणी कोंडलं नाही, म्हणून हे सगळं घडलं.

पनवेलच्या बाजारपेठेमागे माझी रक्त तपासायची लॅब. एका सरकारी संस्थेला मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो याचा अभ्यास करायचा होता. खाडीकाठच्या गावांतून हजारो लोकांचं रक्त गोळा करायचं, त्यातला डीएनए वेगळा काढायचा आणि मोठ्या यंत्रावर तपासून द्यायचा, असं कंत्राट निघालं. निविदेचं बाड आणायला मला कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक मागवावा लागला. ट्रकवाला म्हणाला, "शेठ, सळया परवडल्या." मी ते बाड अथपासून इतिपर्यंत वाचलं. बरं, निम्मं वाचलं. सगळ्यांत कमी दर माझा निघाला आणि कंत्राट माझ्या गळ्यात पडलं.

न वाचलेल्या निम्म्यात एक अट होती. रक्त देणारे एकमेकांच्या जवळच्या नात्यातले नकोत, नाहीतर अभ्यासाचा हिशेब बिघडतो. ही अट लिहिणाऱ्या महाभागाने उलव्याकडचं एकही गाव पाहिलेलं नसणार. तिथे रस्त्यात उभं राहून 'मामा' अशी हाक मारा, अर्धी आळी ओ देते.

तरी शिबिरात मी एकेकाला विचारलं, "तुमचा सख्खा, चुलत कोणी आलाय का इथे?"

"नाय."

"भाऊ वगैरे?"

"मना भाऊच नाय."

अख्ख्या गावात एकालाही भाऊ नाही! मला वाटलं, देव पावला. देव कसला पावतोय? विमानतळासाठी जमिनी गेल्या, बदल्यात भूखंड मिळायचे ठरले आणि वाटणीवरून घराघरात कोर्टकज्जे सुरू झाले. तिथली रीत अशी, की बोलणं तुटलं की नातंही तुटलं. मग लग्नाची पत्रिका नाही, मयताला खांदा नाही आणि कोणी विचारलंच तर 'तो आमचा कोन नाय.' ते खोटं बोलत नव्हते. मीच पनवेलला राहून गावकीच्या भाषेत अडाणी.

नमुने यंत्रावर चढले. यंत्राला ना कोर्ट ठाऊक, ना भूखंड. त्याने भावाशेजारी भाऊ आणून उभे केले. संस्थेतून फोन आला, "एकाच घरातली माणसं फिरवून फिरवून नळ्या भरल्यात काय? तुम्हाला काळ्या यादीत टाकतोय." काळी यादी म्हणजे यापुढे एकही सरकारी काम नाही. माझी लॅब चालायची ती सरकारी कामावर. म्हणजे शटर खालीच.

मी हातापाया पडलो, तेव्हा एक साहेब चौकशीला आला. गाव देवळाच्या मंडपात जमलं. कुणाचा नमुना कुणाशी जुळला हे फोडायची मला बंदी, म्हणून साहेबच म्हणाला, "कोणाला भाऊ असेल तर त्याने स्वतःहून सांगावं."

मंडपात जो तो शेजाऱ्याकडे पाठ करून बसला. पुढे दोघे बसलेले, मध्ये चार माणसांची जागा सोडून. दोघांचं ढेरपोट एका मापाचं, दोघांचा डावा डोळा अर्धा मिटलेला, दोघे एकाच हाताने एकच कान खाजवत होते. आंधळ्यालाही कळलं असतं.

साहेबाने थोरल्याला विचारलं, "हे तुमचे कोण?"

"वलखत नाय."

धाकटा उसळला. "वलखत नाय? आईनं केलेली जवल्याची चटनी माज्या ताटातली कोन खायचा मंग?"

"तुज्या ताटातली? बापूस जत्रंला तुला खांद्यावर न्यायचा आन्‌ मी मागून चालत! पायाला फोड यायचं माज्या!"

"बापसाला इचारायचा ना तवा!"

"इचारला! तो बोलला, धाकटा हाय तो, तू मोठा भाऊस हाय!"

बोलून गेला आणि मग जीभ चावली. मंडप खदखदून हसला. उरणपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मग बाकीच्यांचीही तोंडं उघडली आणि जो तो आपापल्या भावावर धावून गेला. साहेब तासभर नुसता पेन चालवत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही लबाड नाही, नुसते बावळट आहात."

माझी लॅब वाचली. पण भावांचे नमुने बाद, नवे गोळा करायचे, तेही जुन्याच दरात. वर नवी अट आली: ज्यांचा जमिनीचा दावा चालू आहे, त्यांचं रक्त घेऊ नये.

पुन्हा गाडी काढली, गावोगाव हिंडलो. दावा नसलेला एकच माणूस सापडला. आनंदाने बाही वर करून बसला बिचारा. सुई टोचता टोचता मी विचारलं, "गाव कुठलं?"

"सातारा. परवाच बदलीवर आलोय."