पाठवणीपर्यंत थांबा

किसनमामांच्या घरून निघायचं म्हणजे आधी उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे. पाया पडून झालं, पिशवी खांद्याला अडकवली, की मामा म्हणायचे, "थांब भाच्या, बघू दे जरा." मग ते तोंडाकडे बघत राहत. बोलत नसत, हसत नसत. नवख्या माणसाला त्या बघण्यानं संकोच वाटे. माझी आई त्यांची धाकटी बहीण, तीसुद्धा चिडायची. "दादा, मी काय मरायला निघालेय का?" मामा म्हणायचे, "न्हाई गं. पर बघून घ्यावं."

जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात, गावापासून जरा अलग असलेल्या आमच्या लोकांच्या वस्तीत मामा राहायचे. गवंडीकाम करायचे. भिंत बांधताना बोलत नसत आणि घरी आल्यावरही फारसं नाही. मामी, म्हणजे गयामामी, त्यांची लेक विमल लहान असतानाच तापानं गेली. त्यानंतर विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला आणि आमच्या वस्तीतली घरंही जळाली. मामा विमलला खांद्यावर टाकून शेजारच्या हायब्रीड ज्वारीच्या रानात शिरले. पोरीच्या तोंडावर हात दाबून ते तिथं बसून राहिले. परत आले तेव्हा भिंती उभ्या होत्या, आत काही नव्हतं. दाणे, कपडे, ट्रंक, आणि भिंतीवरचा मामीचा फोटो, सगळं जळालं होतं. तो एकच फोटो होता. जत्रेत, रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेला.

लोक म्हणायचे, पोर वाचली, हेच लय झालं. मामा मान हलवायचे. घर त्यांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधलं. पण त्या भिंतीवर पुढं काहीच लावलं नाही.

विमलचं लग्न ठरलं तेव्हा मी परभणीला कॉलेजात होतो. मुलाकडची माणसं सोनपेठकडची, साधी. समाजमंदिरापुढं मांडव घालायचा, वंदना, हार, वरणभात, बुंदी, एवढंच ठरलं. फोटोवाल्याचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "हारापुरता बोलवा की. आपलं लगीन अर्ध्या तासाचं. सकाळपासनं त्याला काय काम?"

"हारापुरता न्हाई," मामा म्हणाले. "पाठवणीपत्तर."

"पाठवणीचा कुणी फोटो काढतंय का? समद्यांची नाकं लाल. पोरीला रडताना बघायचंय का तुला जन्मभर?"

 मामा खाली मातीत बोटानं रेघा ओढत बसले. मग तेच पुन्हा म्हणाले, "पाठवणीपत्तर थांबला तरच बोलवायचा. न्हाईतर नगंच."

फोटोवाल्याला सांगायला आम्ही दोघं एसटीनं जिंतूरला निघालो. मामा खिडकीशी बसले होते. बाहेर वेचून झालेल्या कापसाच्या पळाट्या उभ्या होत्या. ते बाहेर बघतच म्हणाले, "भाच्या, मला गयाचं तोंड आठवंना झालंय."

मी त्यांच्याकडे वळलो.

"पहिल्यांदा आठवायचं. मग डोळे आठवायचे, नाक न्हाई. आता कायच न्हाई. नुसतं लुगडं दिसतंय. हिरवं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हाताऱ्या बाया म्हणत्यात, विमल रडायला लागली की हुबेहूब गया. मला कधी दिसलं न्हाई. ती रडली की मी खाली बघतो, मला बघवत न्हाई. म्हणून म्हणलं, फोटो निघाला तर निवांत बघता यील."

मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "विमलला सांगू नको. तिच्या मागं लावू नको हे."

फोटोवाल्याचं नाव मुनीर. मध्यम वयाचा, बारीक मिशीचा माणूस. तोही म्हणाला, "चाचा, आधे घंटे का काम है. दिवसभर बसून मी काय करू?" मामांनी फक्त हात जोडले. तो हो म्हणाला.

लग्न चांगलं झालं. हार घातले गेले, मुनीरनं फोटो काढले, माणसं जेवून उठली. पण नवरीला न्यायला येणारा मुलाकडचा टेम्पो वाटेत बंद पडला होता आणि तो येता येईना. ऊन कलायला लागलं तसा मुनीर कॅमेरा पिशवीत भरू लागला. शेवटची एसटी चुकली तर मुक्काम करावा लागेल, त्याचंही खरं होतं. मामा त्याच्यापुढं नुसते उभे राहिले.  शेवटी मी मुनीरला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. पिशवी पुन्हा उघडली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "राहतो मुक्कामाला. त्याला काय."

टेम्पो आला. बायांनी गळा काढला. माझी आई तर सगळ्यांत मोठ्यानं. विमल एकेकीच्या गळ्यात पडत पुढं आली आणि मामांसमोर थांबली. मुनीर दोन पावलं सरकला. पोर आता रडणार असं वाटत असूनही मामा पहिल्यांदा खाली न बघता तिच्या डोळ्यांत सरळ बघत होते.

विमल रडली नाही. तिनं पदरानं बापाचे डोळे पुसले. हसली, अगदी दात दिसेपर्यंत. "आप्पा, येळेवर जेवत जावा. कोरड्यासात मीठ लय टाकू नका." आणि वळून टेम्पोत चढायला लागली.

मुनीरनं मामांकडे पाहिलं. बोट बटणावर तसंच. मामांनी मान हलवली. "काढ," ते म्हणाले. विमलनं मागं वळून हात केला, तेवढ्यात फोटो निघाला.

नंतर खूप दिवसांनी विमलनं मला सांगितलं की गावाची शीव ओलांडेपर्यंत तिनं ओठ दाताखाली धरला होता. "मी रडले असते तर आप्पा घरात परत गेलेच नसते. मांडवातच बसून राहिले असते."

फोटो तयार होऊन आले ते मीच घेऊन गेलो. मामांनी हात धुतले, पंच्याला पुसले. बाकीचे फोटो बाजूला सारून तो एक उजेडात धरला. कितीतरी वेळ बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी अंगणात आलो. आतून त्यांचा आवाज आला, "ही विमलच हाय."

मी आत गेलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता. "बरं झालं भाच्या. मी तिच्याकडनं भलतंच मागत हुतो. पोरीला तिचं सवताचं तोंड असू दे."

त्यानंतर मामा बोलायला लागले. आधी तुटक, मग जरा सलग. मी सुट्टीला गेलो की ओट्यावर बसून गयामामीचं सांगायचे. ती शेळीशी भांडायची, शेळीला नावानं शिव्या द्यायची. तिला विहिरीची भीती वाटायची, म्हणून पाणी शेंदताना डोळे मिटायची. चेहरा त्यांना शेवटपर्यंत आठवला नाही. तो आठवायचा त्यांनी पुन्हा प्रयत्नही केला नाही.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटायच्या आधीच मामा गेले. छातीत पाणी झालं होतं. परभणीच्या दवाखान्यात मी उशाशी होतो. धाप लागत होती तरी म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. शेंगा खाताना गया टरफलं माझ्या खिशात टाकायची. गुपचूप. कामावर गेलं की हाताला लागायची. मी चिडायचो रे." त्यांना हसू आलं, मग खोकला आला. विमल सोनपेठहून निघाली होती. ती पोचायच्या आत सगळं संपलं.

सगळं आटोपल्यावर माणसं पांगली. विमल ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, शेवटी काय म्हणले आप्पा?"

मी टरफलांचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला आईचं कधीच काय सांगितलं न्हाई त्यांनी. एक शब्द न्हाई. मीबी कधी इचारलं न्हाई. त्यांना तरास नको म्हणून."

ती थोडी सरकून बसली, पाय जवळ घेतले.

"अजून सांग," म्हणाली.