महालक्ष्म्यांची गोळी

आमच्या अहमदपूरच्या गल्लीतल्या काकू मेडिकलवाल्याला नुसतं "ती गोळी" म्हणतात आणि पाकीट पदराखाली घेऊन येतात. घरात सतत काहीतरी पूजा असते. सुनेची पाळी मध्ये येऊ नये म्हणून त्या तिला फार आधीपासून गोळ्या सुरू करतात. वर, लेकरू होत नाही म्हणून गल्लीभर तिचीच गाऱ्हाणी.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. यंदा न राहवून म्हणाले, "काकू, या गोळीतल्या हार्मोननं अंडंच सुटत नाही. मग दिवस कसे राहतील?"



"खरं आसंल बाई. पण नातवासाठीच तर महालक्ष्म्यांना नवस बोललेय. त्यांच्या सैपाकाला इटाळ कसा चालंल?"

मग काकूंनी सुनेला हाक मारली. तिनं माझ्याकडं न बघता गोळी गिळली.