जावेची मुलाखत माझ्या खोलीत

औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनीही अर्ज केला. दोघी बी.एस्सी. पण लग्नाआधी मी अलिबागला कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी केली होती; तिनं कॉलेज सुटल्यापासून परीक्षानळी हातात धरली नव्हती. लेखी परीक्षा दोघी पास झालो. फोनवरच्या फेरीनंतर मला नकार आला आणि तिला शेवटच्या मुलाखतीचं बोलावणं, व्हिडिओवर.

आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त माझ्या माडीवरच्या खोलीत. त्यामुळे ती माझ्याच टेबलाशी, माझ्याच खुर्चीत बसली. तिची तान्ही मुलगी माझ्याकडे. "रडू देऊ नको हां तिला, आत ऐकू जाईल," सासूबाई म्हणाल्या. पोरीला खांद्यावर घेऊन मी जिन्यात बसले. दार नुसतं लोटलेलं, शब्द न् शब्द कानावर येत होता.

टायट्रेशनमध्ये थेंब थेंब द्रावण सोडताना रंग बदलायचा क्षण चुकला तर काय कराल, असं एका साहेबांनी विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून करीन, आणि चुकलेलंही लिहून ठेवीन," ती म्हणाली.

हे मीच तिला आदल्या दिवशी नारळ खवता खवता सांगितलं होतं.

"छान. कुठे शिकलात हे?"

"माझ्या जाऊबाईंकडून, सर. त्यांनी लॅबमध्ये काम केलंय."

"मग त्यांनाही अर्ज करायला सांगा की."

मी पोरीला सावरत एक पायरी वर सरकले.

"हो सर, सांगते," ती म्हणाली.

पोरगी गाढ झोपली होती. तिला चिमटा काढावा, असं माझ्या मनात आलं. काढला नाही.

जावेची निवड झाली. सासूबाईंनी शिरा केला. कुणाला काही जाणवू नये म्हणून मी दोनदा वाढून घेतला. आता ती सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या बससाठी नाक्यावर जाते आणि मी तिच्या लेकीला पेज भरवते. बस वळेपर्यंत माझं लक्ष पेजेत नसतं.

एकदा भांडी लावताना मी विचारलंच, "त्या दिवशी ऐकलं मी सगळं. मी अर्ज केला होता हे का नाही सांगितलंस?"

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "ताई, त्यांनी तुम्हाला नाकारलंय, हे माझ्या तोंडानं कसं सांगू?"

ती खरं तेच बोलत होती. तिच्यावर रागवावं असं काहीच हाती उरलं नाही, आणि हेवा मात्र तसाच राहिला. त्याच कंपनीत पुन्हा जागा निघाल्या आहेत. मी काल अर्ज भरला. तिला अजून सांगितलेलं नाही.