आईची पहिली पँट

धुळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि टाके निघताच तिने गावी, शिंदखेड्याकडे, जायचा हट्ट धरला. मीही रजा टाकून मागोमाग आले. निघताना दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी मला बजावलं होतं, "आठ दिवसांत गुडघा वाकला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागेल." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आई बसायची तीही पाय स्टुलावर लांब ठेवून.

साडी नेसून वॉकर धरला की निऱ्या पायात येत. एकदा ती पडता पडता वाचली. गाऊन घालून पाय उचलायची तिला लाज. म्हणून मी तिच्याच जुन्या सुती साडीची पँट शिवायला घेतली. पँट मी जन्मात शिवली नव्हती, वडिलांचे लेंगे तेवढे शिवले होते. तसेच पुढचे-मागचे भाग एकावर एक ठेवून सारखे कापले. मला धीर कुठला.

आईने पलंगाला टेकून, उभ्या उभ्याच ती चढवली. वर माझा लांब कुर्ता. मी म्हटलं, "चल, गल्लीपर्यंत जाऊ."

"कंबरले काचस," ती म्हणाली आणि आडवी झाली.

मी इलॅस्टिक सैल केलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मांडीत घट्ट. मी शिवणी उसवून अर्धा इंच सोडला. तिसऱ्या दिवशी उंची जास्त. मी खालून दुमडून टीप मारली. चौथ्या दिवशी पुन्हा कंबर, आता म्हणे ढिली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी पुटपुटले आणि लगेच मला वाईट वाटलं. दिवसातून दहादा मी मशीनवरून उठायचे, तिचा गुडघा चाचपायचे, परत बसायचे. तो आपला ओंडक्यासारखा ताठ.

पाचव्या दिवशी मी चिडलेच. "पँटचं राहू दे. खरं काय ते सांग."

ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "आबा ओटावर बठेल शेतस. उघडा डोकानी त्यासना पुढून कशी जाऊ?"

आबा म्हणजे तिचे जेठ, माझे मोठे काका. दोन्ही घरांचा ओटा एकच आणि ते सकाळपासून तिथेच बसलेले. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर आईच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. पँटला पदर नसतो, हे मला सुचलंच नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात. माझं उलटं झालं, अडचण डोक्याची आणि मी उसवत बसले मांड्या. मला स्वतःचा राग आला. तिचाही आला. गुडघा आखडत चालला होता आणि हिला पदराची पडली होती.

साडीचा पदर मी कापून बाजूला ठेवला होता. त्याच्या कडा दुमडून ओढणी केली. आईने ती डोक्यावरून घेतली, कानामागे खोचली, आरशात बघितलं आणि वॉकर धरला. ओट्यावर आबांनी नेहमीसारखं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तिले आस्ते लई जाय," ते मला म्हणाले.

गल्ली ओलांडून निंबाखाली पोहोचल्यावर मी पाणी आणायला घरात पळाले. तांब्या घेऊन परतते तोच आईची तक्रार कानावर आली.

"बसनू का मांगतून खाले वढास."

बसलं की पँट मागून खाली ओढली जाते, ही तक्रार मात्र खरी होती. पँटचा मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच कापावा लागतो. लेंगा ऐसपैस असतो, त्याचं चालून जातं. पण पँट घालून बसल्याशिवाय ते कळत नाही आणि ती घालून आई आजवर बसलीच नव्हती.

आता ती निंबाखालच्या दगडावर बसली होती. दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, गुडघा वाकलेला. मी "उसवते" म्हणाले आणि तांब्या हातात धरून तिथेच रडायला लागले.