बसप्पाची थाप

माझी शेवटची पोस्टिंग बर्फाळ डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. पहाटे चारला चहा, साडेचारला इंजिन चेक, पाचला कॉन्व्हॉय. ड्रायव्हर मी, हवालदार. को-ड्रायव्हर लान्स नायक बसप्पा, उदगीरकडचा. आंघोळ आठवड्यातून एकदा, विभूती मात्र रोज.

रिव्हर्सचा नियम एकच. को-ड्रायव्हर खाली उतरतो, मागच्या चाकाजवळून चालतो, बॉडीवर थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे थांबा.

"उस्ताद, आरशात तुमचंच थोबाड दिसतंय," बसप्पा म्हणायचा. "माझ्या थापंवर चला."

एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुढे दरड कोसळली. दाट धुकं होतं. रेडिओवर आमच्या ट्रकचा नंबर आला, "वन थ्री, रिव्हर्स फिफ्टी मीटर. ओव्हर."

बसप्पा उतरला. दोन थापा. दोन थापा. बराच वेळ दोन थापा. मग एक.

मी थांबलो आणि उतरलो. मागचं चाक दरीपासून वीतभर अंतरावर होतं. बसप्पा नव्हता. ट्रक मागे आल्यामुळे त्याच्या बुटांचे ठसे आता बॉनेटसमोर दिसत होते. ते वीस पावलांवरच संपले होते. तिथे बर्फाची कड तुटली होती. तिथून ट्रकपर्यंत फक्त टायरच्या खुणा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने बसप्पा तिथेच दरीत गेल्याचं नोंदवलं आणि त्यानंतरच्या थापा 'इंजिनाचा आवाज' म्हणून. मी सही केली.

आता नायगावात ड्रायव्हिंग क्लास चालवतो. रस्ता सुरक्षा सप्ताहात माझा सत्कार होतो. प्रमुख पाहुणे राँग साइडने येतात आणि शिस्तीवर बोलतात. शिकायला येणारी पोरं अठरा-एकोणीसची. त्यांना पहिल्या दिवशी थापा शिकवतो.

"सर, क्यामेरा हाय की मागं," श्रावणी हसायची. "तुम्ही कशाला उतरून राहिले?"

"क्यामेऱ्याला थाप मारता येत नाही."

जानेवारीत एकदा सकाळी साडेसातला श्रावणी आणि मी गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर होतो, स्टिअरिंगवर ती. धुकं होतं, गुडघा ठणकत होता. मी उतरलो नाही. कोपऱ्यात जुनी विहीर आहे हे माहीत होतं. ती पलीकडच्या कोपऱ्यात, असा माझा अंदाज.

"घे मागे."

स्क्रीनवर नुसतं पांढरं. गाडी हळूहळू मागे गेली आणि गचकन थांबली. पाठ सीटवर आदळली.

"काय झालं?"

"थाप वाजली की, सर. एकच."

"मी इथं बसलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं.

उतरलो. चाकामागे वीतभर माती, मग विहीर. कठडा केव्हाच ढासळलेला. ओल्या मातीत फक्त आमच्या टायरच्या खुणा.

"हँडब्रेक ओढ. फर्स्ट गिअर. सरळ पुढे."

"मागं कोण हाय, सर?"

"पुढे बघ."

ती पुढे गेली.

त्यानंतर गुडघा कितीही दुखला तरी रिव्हर्सला मी उतरतो. पोरांना ऐकू जाणार नाही असं आधी म्हणतो, "बसप्पा, ड्युटी बदली." मग दोन थापा मारतो.